जल्लादाची विचारपूस

१९८४ सालचा होळीचा आदला दिवस. तुर्भ्याच्या शेडबाहेर नळाखाली आखाड्याची ताडपत्री पसरून मी रक्त धूत होते. थंड पाण्यानं; गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. फ्री-स्टाईल कुस्त्यांच्या आमच्या कंपनीत धुणं-शिवणं माझ्याकडे होतं. रक्त जल्लादाचं होतं. फाटलेलं शिवायला दाभण पदराला खोचलेलं होतं.

जल्लाद म्हणजे काळा मुखवटा घालून सगळ्यांना आपटणारा आमचा दुष्ट पैलवान. मूळचा सारसोळ्याचा, कोळ्याच्या घरातला. पनवेल-उरणला बाया त्याला बोटं मोडून शिव्या द्यायच्या, पुरुष सोड्याच्या बाटल्या फेकायचे. तो लोकांकडे बघून थुंकायचा, म्हणजे आणखी बाटल्या यायच्या.

हाच माणूस कुस्तीआधी समोरच्या पैलवानाला बाजूला घेऊन विचारायचा, "आज कुठं दुखतंय रं?" कुणी गुडघा सांगायचा, कुणी खांदा. तेवढी जागा सोडून बाकी सगळीकडे तो मनापासून मारायचा. कुणाची पाठ धरलेली असली तर डोक्यावर उचलून आपटताना सगळा भार स्वतःच्या मांडीवर घ्यायचा. लोकांना ते कळायचं नाही. मला कळायचं, कारण त्याची चड्डी नेहमी त्याच मांडीवर फाटायची.

दिवाळीनंतर गर्दी ओसरली. घरोघरी टीव्ही आले होते. पब्लिकला आता खरं पाहिजे, असं मालक म्हणू लागला. खऱ्या काठ्या आल्या, लोखंडी खुर्च्या आल्या. दात पडले, एकाचा कान फाटला. निम्मे पैलवान गावी गेले. तू का जात नाहीस, असं मी जल्लादाला विचारलं.

"मी गेलो तर यांना इचारल कोन?" तो म्हणाला.

मग साताऱ्याकडचा एक विशीतला पोरगा आला. तालमीत त्याची पाठ दुखावली होती. मालक काढून टाकील म्हणून त्यानं ते लपवलं. जल्लादानं विचारलं तेव्हा छाती काढून म्हणाला, "कुटंच न्हाई."

जल्लाद खूश झाला. असा धडधाकट गडी बऱ्याच दिवसांनी मिळाला होता. त्यानं पोराला डोक्यावर उचललं आणि मांडी न लावता आपटलं.

पोरगा उठला नाही. जल्लादानं त्याला दोन्ही हातांवर घेतलं, तसं लोकांना वाटलं, आता बाहेर नेऊन मारणार. बाटल्या सुरू झाल्या. एक त्याच्या कपाळावर फुटली. तो तसाच चालत राहिला.

दवाखान्यात मी पोराचा बनियन कापला, तेव्हा पाठीवर औषधाची पट्टी निघाली. जल्लाद तिच्याकडे बघत राहिला. पायांत जाणीव येते का ते बघत राहा, डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ताडपत्री धूत होते, तेव्हा तो डोकं बांधून नळाशी आला. होळीला उरणला असाच खेळ लावू, असं मालक म्हणाला होता. त्यावर जल्लादानं आधी मुखवटा त्याच्या तोंडावर फेकला आणि मग त्याला भिंतीवर. कंपनी तिथंच संपली.

"मालकाला विचारलंस का, कुठं दुखतंय?" मी म्हटलं.

तो हसला नाही. "ताई, पोराला रातभर इचारतोय. पाय दाबतोय. कुटंच न्हाई म्हनतोय."

होळीच्या सकाळी मी दवाखान्यात गेले. जल्लाद पायथ्याशी बसून पोराची बोटं हलक्या हातानं दाबत होता. मी त्याला बाजूला सारलं, पदराचं दाभण काढलं आणि पोराच्या तळव्यात टोचलं.

त्यानं मला अशी शिवी घातली की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

"कुठं दुखतंय रं?" जल्लादानं विचारलं.

"पायाला," पोरगा रडत म्हणाला. "पाय दुकतोय."

मी दुसऱ्या तळव्यातही टोचून बघितलं.