खंडेनवमीला मांडलेला कॉम्प्युटर

लग्न ठरवताना सांगितलं होतं, मुलाकडच्यांचा इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा आहे. सुप्याला आले तेव्हा कळलं, धंदा भंगाराचा आणि इलेक्ट्रॉनिक्स त्यात किलोवर येतं. एमआयडीसीतल्या कंपन्यांचे जुने कॉम्प्युटर टेम्पोत भरून आमच्या पत्र्याच्या गोदामात यायचे आणि तिथे फोडले जायचे. तसं खोटं कोणी बोललं नव्हतं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

गोदामाला लागूनच घर, मधे एक दार. स्वयंपाक उरकला की त्या दारातून आत जायचं, पाटावर बसायचं आणि तांबं एकीकडे, पत्रा एकीकडे, सर्किटच्या हिरव्या पाट्या एकीकडे करायच्या. संध्याकाळी त्याच दारातून पुन्हा गॅसपाशी. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा. मामा, म्हणजे माझे सासरे, रस्त्याच्या बाजूला वजनकाट्यापाशी बसायचे. माहेरी, संगमनेरला, कॉम्प्युटरच्या डिग्रीची दोन वर्षं मी केली होती, तिसरं राहिलं होतं. "लग्नानंतर कर की," असं तेव्हा सगळे म्हणाले होते. लग्नात लोक बरंच काही म्हणतात.

लग्नाच्या चौथ्या वर्षी नवऱ्याच्या मागे लागून, डिग्रीच्या राहिलेल्या वर्षाचा मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला. पण मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर प्रोग्राम लिहिणार कसे? कॉम्प्युटरचं नाव काढलं तर मामा खो खो हसले. "गोदामात ढीग पडलाय, अन् तू इकत आन म्हनती?"

म्हटलं, बरं.

आमच्याकडे आलेला माल त्याच दिवशी फोडायची रीत. अख्खी वस्तू जागा खाते, असं मामांचं म्हणणं. त्यामुळे मला हवं ते हातोडी पडायच्या आत बाजूला काढावं लागे. बरा दिसणारा एक मदरबोर्ड मी पदराखाली लपवून घरात नेला. आपल्याच घरातून आपल्याच घरात चोरी! रॅमची काडी, म्हणजे बोटभर रुंदीची ती पट्टी, जिच्यावाचून कॉम्प्युटर सुरूच होत नाही, खोडरबरनं घासून लख्ख केली. आतली माहिती फुटू नये यासाठी हार्ड डिस्कना कंपनीवाले भोक पाडूनच देत, म्हणून सगळं पेनड्राइव्हवर बसवलं. चालू करायचं बटण नव्हतं. मदरबोर्डवरच्या दोन बारीक पिनांना केसातल्या आकड्याचं टोक टेकवायचं, की झालं.

झालं कसलं! दोन महिने काही होईना. मग एका दुपारी पीं असा आवाज आला आणि मधोमध हिरवी रेघ असलेल्या मॉनिटरवर अक्षरं उमटली. मी किंचाळले. आत्या, माझ्या सासूबाई, पिठाच्या हातांनी धावत आल्या.

"करंट बसला का गं?"

"बसला," म्हणाले आणि हसत सुटले. या घरात इतकी हसले नव्हते.

पुढची चूक माझीच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे धंद्याची अवजारं पुजतात. काटा, हातोड्या, छिन्न्या, गॅस कटर असं ओळीनं मांडलं होतं. त्या ओळीत मी माझा कॉम्प्युटर चालू करून ठेवला. कशाला? कोणीतरी शाबास म्हणावं म्हणून, दुसरं काय! त्याला एका बाजूचा पत्रा नव्हता. आत्यांनी वाहिलेलं कुंकू आतल्या पंख्यात गेलं आणि सगळ्यांच्या तोंडावर उडालं. मामांनी मात्र कुंकू न पुसताच हात जोडले. "सुनबाईनं भंगारातनं केलाय," असं शेजाऱ्यांना सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता. माझाही. त्या ओळीत जे पुजलं जातं ते धंद्याचं होतं, हे मला सुचायला हवं होतं.

दसऱ्यानंतर कॉम्प्युटर काट्याशेजारी गेला आणि वर पाटी लागली, 'येथे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.' पीकविमा, रेशनकार्ड, जातीचा दाखला, सगळं माझ्याकडे. पाट जाऊन खुर्ची आली, एवढाच फरक. दिवाळीला माहेरी जाते म्हटलं तर मामा म्हणाले, "तू गेल्यावर हे कोन चालवनार?" माझा अभ्यास दोन फॉर्मांच्या मधे जमेल तेवढा.

परीक्षा नगरला होती. नेमकी पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी.

"म्होरच्या साली दे की पेपर. कुठं पळून चाललाय?" मामा अगदी प्रेमानं म्हणाले. त्या प्रेमाचाच मला संताप आला.

सकाळी मी रॅमची काडी उपसली, रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि काट्यापाशी जाऊन सांगितलं, "काडी काढून नेतेय, कॉम्प्युटर चालू होणार नाही. संध्याकाळी येते." उत्तराला न थांबता एसटी पकडली.

परीक्षेच्या हॉलमध्ये नवेकोरे कॉम्प्युटर होते. सुरू करा म्हणाले, तर माझा हात केसातल्या आकड्याकडे गेला! पेपर मात्र झकास गेला. परतताना स्टँडवर संगमनेरची गाडी लागलेली दिसली. थोडा वेळ तिच्या दाराशी उभी राहिले आणि मग सुप्याच्या गाडीत बसले.

काट्याजवळच्या बाकड्यावर फॉर्म भरायला आलेली माणसं सकाळपासून बसून होती. मामा उठून पुढे आले. "काडी आनली का?" पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलं नाही, कोणीच विचारलं नाही. मी चप्पल न काढता काडी बसवली.

पास झाले. पदवीचं प्रमाणपत्र पोस्टानं आलं, ते मामांनी हौसेनं फ्रेम करून आणलं. त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी नैवेद्य घेऊन गोदामात गेले, तर अवजारांच्या ओळीत कॉम्प्युटरला टेकून ती फ्रेम उभी. आत्यांचं कुंकवाचं बोट काचेपाशी पोचलंच होतं. मी ताट खाली ठेवून फ्रेम उचलली.

"हे नाही. हे माझं आहे."

"अगं, मान हाय तो तुझा," मामा म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मी फ्रेम छातीशी धरून तिथेच उभी राहिले, काट्याच्या आणि कॉम्प्युटरच्या मधे. आत्यांचं बोट हवेत थांबलं होतं. मग त्यांनी ते कुंकू माझ्या कपाळाला लावलं आणि पुढच्या हातोडीकडे वळल्या.