मांडीचं कापड

ह्येरान कापडाच्या वस्तू करायची आणि त्यातली एकही उपयोगाची नसायची. भाताचा डाव, भांडी घासायचे रबरी हातमोजे, पितरांच्या दिवशी बायका कमरेला बांधतात तो एप्रन, सगळं कापडात शिवून ती भिंतीवर टांगायची. "डाव घरात आहे की, मग कापडाचा कशाला?" असं आंदोंग गावच्या बाजारातल्या बायका विचारायच्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. नवरा या टांगाटांगीला कंटाळून केव्हाच वेगळा झाला होता. पन्नाशी उलटल्यावर शहरातल्या एका प्रदर्शनात तिचं नाव झालं, तेही आईच्या मांडीमुळे.

आईने जन्मभर भांगेच्या सालीचा धागा वळला. साल दातांनी चिरायची, टोकाला थुंकी लावायची आणि उघड्या मांडीवर घासून पुढचा धागा जोडायचा. दातांना खाचा पडल्या आणि मांडीवर काळा, टणक घट्टा. तिने विणलेले अंगरखे घालून पुरुष पितरांपुढे वाकायचे, तेव्हा ती स्वयंपाकघरात मासे तळत असायची. गावात तिला सगळे थोरल्या मुलाच्या नावाने तेशिकची आईच म्हणत. ह्येरानने ती मांडी कापडात शिवली, घट्ट्यासकट. लोक तिच्यापुढे थांबून राहायचे.

कापड मात्र तिने चोरलं होतं. आईने विणलेला शेवटचा तागा पेटाऱ्यात होता, स्वतःच्या मरणाच्या कपड्यांसाठी जपलेला. तसा रंग आणि तसा खरखरीतपणा दुसऱ्या कापडाला नव्हता. थोडंसंच तर घेतेय, म्हणत हिने कात्री लावली.

मग अधिक महिना आला. या महिन्यात देवाभुतांचं माणसांकडे लक्ष नसतं, म्हणून मरणाचे कपडे याच महिन्यात शिवायचे. "पुढच्या अधिकापर्यंत काही मी टिकत नाही," आई म्हणाली. तिला आता दिसतही नव्हतं. ह्येरानने तागा उलगडून पुन्हा पुन्हा मापं घेतली, पण परकराला कापड काही पुरेना.

"बाजारातून आण थोडं," थोरला भाऊ तेशिक म्हणाला. "आईला दिसतंय कुठे?"

"बोटांना कळतं, दादा."

"हो का? आणि आईची मांडी चव्हाट्यावर मांडताना कुठे गेली होती ही अक्कल?"

शहरातलं एक संग्रहालय ती मांडी कायमची ठेवून घेणार होतं. ह्येरानने ती प्रदर्शनाच्या भिंतीवरून उतरवली, घरी आणली आणि उसवायला बसली. मरणाच्या कपड्यात गाठ चालत नाही, गाठीत मेलेलं माणूस अडकून राहतं. आणि ती मांडी तर सगळी गाठींवरच उभी होती. एकेक गाठ कापताना तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, कोणाचा ते मात्र कळेना. शेवटी कापड सपाट झालं, पण सुईची भोकं राहिली.

दुपारी आईने तुकड्यांवरून बोटं फिरवली. "हे काय गं? कसर लागली?"

"नाही. मी कापलं होतं, आई. तुला न विचारता."

"कशाला?"

"तुझी मांडी शिवली."

"किती जणांना दाखवलीस तेही सांग," तेशिक दारातून म्हणाला.

"तू गप रे!" आईचा हात कापडावरच थांबला होता. "माझ्या मरणाला कात्री लावलीस, पोरी. अख्ख्या जन्मात एवढंच माझं म्हणून ठेवलं होतं."

ह्येरानने मान खाली घातली.

भोकं चाचपत आईने विचारलं, "घट्टा केला होतास?"

"हो."

"काळा?"

"काळाच."

"तुझा बाप जन्मभर शेजारी झोपला. हे कशानं झालं, एकदा नाही विचारलं मेल्यानं." तिने स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "हा भोकांचा तुकडा इथंच येऊ दे."

ह्येरानने सुईत दोरा ओवला आणि सवयीने टोक बोटाभोवती फिरवलं. आईचा हात दोऱ्यावरच होता, तिला लगेच कळलं.

"गाठ मारतेस?"

"चुकून गं, आई."

"चुकूनसुद्धा नको. या घरात परत अडकायचं नाही मला."

तेशिक दारातून बाजूला झाला. ह्येरानला तर आईला बांधूनच ठेवायचं होतं. तरीही तिने दोऱ्याचं टोक मोकळं सोडलं आणि पहिला टाका घातला.