गाऱ्हाण्यातलं एक वाक्य

खरं सांगायचं तर त्या वर्षी माझं देवीशी भांडणच होतं. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण कॅन्सर म्हटला की आम्हाला मुंबईच गाठावी लागे. हे मिठबावच्या शाळेत मास्तर. घशात गाठ निघाली आणि पहिल्या फेरीतच माझ्या पाटल्या आणि हापूसची निम्मी कलमं गेली. आता किरणांचा शेक घ्यायला दोन महिने मुंबईत राहायचं होतं. उरलेली कलमं विकल्याशिवाय ते जमणार नव्हतं, आणि हे तर जायलाच तयार नव्हते, माझ्या सासऱ्यांचा जुना नवस धरून बसले होते.

“आबान केल्लो नवस मी फेडूक नाय. देवीन शिक्षा दिल्यान. पोरींच्या तोंडातलो घास माझ्या घशात कित्याक घालतंस गो?”

मला संताप आला. ज्या माणसानं वर्गात कधी छडी उगारली नाही, तो स्वतः मात्र मुकाट शिक्षा घ्यायला निघाला होता. तरी त्यांच्या समाधानासाठी नारळ घेऊन त्यांच्याबरोबर देवळात गेले.

आमच्याकडे गुरव मोठ्यानं देवीपुढे गाऱ्हाणं मांडतो आणि जमलेले पुरुष ‘होय महाराजा’ म्हणतात. बायका मागं उभ्या असतात, मध्ये बोलत नाहीत. म्हाताऱ्या गुरवानं सुरुवात केली, “बा देवी माते, ह्या तुझ्या लेकराचा काय चुकला-माकला आसात तर पदरात घे...”

“थांबा गुरवानू,” मी म्हणाले. “ह्येंचा काय चुकूक नाय. ह्यो रोग आसा, गुन्हो न्हय.”

सगळ्या पुरुषांच्या माना मागं वळल्या. गुरवानं देवीकडे बघितलं. मग त्यानं नारळ पुन्हा हातात धरला.

“बाय सांगता ता तू आयकलंस. हेचा काय चुकूक नाय. हेका बरो करून घराक परत हाड.”

“होय महाराजा!”

सगळ्यांच्या आधी उमटला तो यांचा फाटका आवाज. मी तिथंच रडले.

आठवड्याभरात कलमं व्यापाऱ्याला देऊन आम्ही एसटीत बसलो. इस्पितळाच्या पायऱ्यांवर आमच्याकडची कितीतरी माणसं भेटली. कुणी होडी विकून आलेलं, कुणी दुभती गाय. आणि जो तो विचारी, आमचा काय चुकला? प्रत्येकाला मी ठणकावून सांगे, काही नाही.

हे बरे झाले. देवीनं केलं की शेकानं, या वादात मी पडत नाही. त्या सकाळी ती गुरवाच्या तोंडून बोलली, एवढं मला पुरे. पुढं हापूसच्या गावात राहून आम्ही आंबे विकत घेऊन खाल्ले, आणि गोड लागले.

आता सारा भार तिच्यावर टाकून मी मोकळी झाले आहे. ओटी भरते, पायाशी डोकं ठेवते. फक्त गाऱ्हाण्यात ते चुकल्या-माकल्याचं वाक्य आलं की हात जोडत नाही, ताठ उभी राहते. देवीनं अजून तरी मला काही म्हटलेलं नाही.