मेलेल्या बाईला मी लग्नात वाढायला लावलं

एका रविवारी मी एका मेलेल्या बाईला तासभर जिवंत ठेवलं. बाई सिनेमातली होती, पण खोटं बोलले ते खऱ्याखुऱ्या सासूशी!

माझ्या सासूची, म्हणजे आमच्या आयची, नजर गेलीय. सारसोळ्यात जन्मभर मासळी विकलेली बाई. सुरमई शिळी आहे का, ते अजून बोटांनी ओळखते. पण सिनेमाला बोट लावून काय कळणार? म्हणून रविवारी दुपारी मी तिचा हात धरून टीव्हीसमोर बसते आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगते. (चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. आयजवळ मात्र मी पोपट!)

त्या दिवशी हिरो हिरोईनच्या फारच जवळ गेला.

"आवाज बंद का झाला गो? काय करतान ती?"

सासूला असलं कसं सांगायचं! "जेवतायत," मी म्हटलं.

"एवढी गपचूप?"

"मासे आहेत, आय. काटे काढतायत."

मग हिरोची आई वारली. आयला बीपी! म्हटलं, "झोपली."

"मंग सगली रडतान कशाला?"

"किती दिवसांनी झोप लागली म्हणून!"

पुढं भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो आला. मी तिचा वाढदिवस करून टाकला. हिरोच्या लग्नात आय विचारू लागली, "आई कुठं गेली त्याची?" मी घाईनं सांगितलं, "आत पंगतीला वाढतेय."

पुढच्या रविवारी माझी लेक सोनल मोबाईल घेऊन आली. "आजी, यात एक बाई सगळं बोलून सांगते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच असतं. आता आईची गरज नाही!" आणि लावला तोच सिनेमा!

मी आयचा हात सोडून दाराशी उभी राहिले. मोबाईलमधली बाई न लाजता म्हणाली, "तो तिचं चुंबन घेतो."

"काटे काढून झाले वाटतं," आय म्हणाली.

थोड्या वेळानं, "आई शेवटचा श्वास घेते." माझे डोळे भरले. आता आय माझ्याबरोबर कशाला बसेल?

"सोनल, बंद कर त्या बायला."

"आजी, ती खरं सांगते!"

"खरा सांगते, पन तिला हात हाय का? तुजी आई लाजली का हात तापतो तिचा. हिरोची आई मेली तवा बरफ झालता. मना तवाच समजला."

"मग मला थांबवलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुजा सिनेमा बरा होता गो. पोराच्या लग्नात आई वाढत होती."

आता मी सगळं खरं सांगायचं ठरवलंय. पण माझं तोंड उघडायच्या आधीच आय माझा हात चाचपते आणि ओरडते, "सोनल, भायेर जा गो! हिरो जेवायला बसला!"