टॉवेलाखालचा भाव

माझ्या सासऱ्यांइतका पैशाशी सरळ वागलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. जिल्ह्याचं नाव आता बदललं आहे. पण सासरे नगरच म्हणत आले, आणि त्यांच्याविषयी लिहिताना मलाही तेच बरं वाटतं. घोडेगावच्या बाजारात त्यांनी उभा जन्म जनावरांची दलाली केली. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत. घेणारा आणि देणारा हातांवर टॉवेल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं धरतात. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. हजार की दहा हजार, ते समोरची म्हैस बघून ज्याने त्याने समजून घ्यायचं. भोवती सगळा बाजार वाकून बघत असला तरी आकडा त्या दोन हातांबाहेर जात नाही, आणि एकदा दाबलेलं बोट मागे घेता येत नाही. एकदा स्वतःसाठी म्हैस घेताना ऐन सौद्यात सासऱ्यांना शिंक आली आणि एक बोट जास्तीचं दाबलं गेलं. समोरचा शेतकरी भला होता, म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, शिंकंचं काय धरायचं?" सासऱ्यांनी शिंकेसकट पैसे मोजले. ती म्हैस त्यांच्या गोठ्यात शेवटपर्यंत 'शिंकी' या नावानेच नांदली.

असा माणूस नेमका अशा देशात येऊन पडला, जिथे सकाळचा भाव दुपारी कुणाला ओळखही देत नाही. मी तेव्हा आफ्रिकेतल्या एका शुगर फॅक्टरीत केमिस्ट होतो. देशाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी आम्हाला फार जीव लावला, त्यांच्या नोटांची अब्रू चव्हाट्यावर कशाला मांडायची? बायकोला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी विमानाला मनाई केली. मग तिच्या आईने यावं, तर सासूबाईंच्या म्हशी दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नव्हत्या. शेवटी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन सासरे आले. धोतर, बंडी, डोक्याला टोपी आणि खांद्यावर तो पांढरा टॉवेल. विमानतळावर तपासणाऱ्या बाईने टॉवेल झटकायला लावला, तेव्हा यांनी सवयीने हात पुढे केला म्हणे.

खरी अडचण वेगळीच होती. लेक दिली की तिला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न फुकट खायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीत. जेवलं तर ताटाखाली पैसे ठेवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्या गाठीचे सगळे डॉलर बाजारात जाऊन मोडले. थोडे थोडे मोडा, म्हणून मी कानीकपाळी ओरडत होतो. पण खिशात तिथलं नाणं नसताना लेकीच्या ताटावर बसणं त्यांना जमेना. पिशवीभर नोटा घेऊन घरी आले आणि खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, "पाहुणं, एवढं शिकून तुमी नोकरी कशाला करता? हितं नुसती पिशवी धरून हुबं ऱ्हायचं." पुढच्या आठवड्यात तेवढ्याच नोटांत पहिल्यापेक्षा निम्मंही सामान येईना, तेव्हा त्यांना वाटलं की मधे कुणीतरी नोटा काढतंय. दोन दिवस ते पिशवी उशाला घेऊन झोपले.

दुकानात तर रोज एक खटला उभा राहायचा. पाव उचलताना फळीवर एक किंमत आणि रांगेतून गल्ल्यापर्यंत पोचेतो दुसरी. सासरे पाव काखेत धरून ठाम उभे. "मी हात लावला तवाचा भाव," ते दुकानदाराला मराठीत समजावत. "तुझ्या हिशोबानं रांगंत म्हातारा झालो तर पाव सोन्याचा हुईल." दुकानदाराला एक अक्षर कळत नव्हतं, पण म्हातारा कशावर अडलाय ते कळायचं. तो हसून जुना भाव लावायचा आणि वर मलाच सांगायचा, "तुमच्या वडिलांना रोज पाठवू नका, मी बुडेन."

पैसे मोडून देणारे लोक बसस्टँडमागे उभे असायचे. हे काम चोरूनमारून चाले; भाव कुजबुजत सांगायचा आणि पोलीस दिसला की पांगायचं. मी तिथे जायला कचरायचो. सासरे, बंडीत राहिलेले थोडे भारतातले रुपये घेऊन, एकटे गेले आणि पहिल्याच माणसाच्या हातावर टॉवेल टाकला. तो आधी चपापला. मग खाली बोटं कळली आणि त्याचा चेहरा उजळला. आयुष्यभर कुजबुजून त्याचा घसा बसला होता आणि एवढी सोपी युक्ती त्याला कुणी सांगितली नव्हती. एकदा पोलिसाने येऊन टॉवेल उचलला, तर खाली दोन रिकामे हात. परदेशी पाहुणा नमस्कार करतोय असं समजून तो सलाम ठोकून गेला. आम्ही तो देश सोडला तेव्हा बसस्टँडमागे निम्मी माणसं खांद्यावर टॉवेल टाकून उभी असत.

घरात मात्र रोज जेवणाच्या वेळी बायकोचा जीव खाली-वर व्हायचा. सासऱ्यांनी ताटाखाली नोट सरकवली की ती म्हणायची, "मी काय खानावळ घातलीय का, आबा?" ते खाली मान घालून म्हणायचे, "रीत हाय, बाय." ती त्या नोटा रागाने एका डब्यात टाकायची. एकदा घरात मीठ संपलं म्हणून सासऱ्यांनी तो डबाच उचलला आणि दुकानात नेला. डबाभर नोटांत मिठाचा पुडाही आला नाही. परत आले आणि भरलेला डबा तसाच फळीवर ठेवला. म्हणाले, "पाहुणं, म्हंजी एवढं दिवस मी लेकीचं फुकटच खाल्लं की वं." त्या संध्याकाळी ते ताटावर बसले नाहीत. स्वतः आणलेली केळी बाहेरच्या ओट्यावर बसून खाल्ली. बायको स्वयंपाकघरात रडत होती, आणि पैशाच्या किमतीवर मी आजवर वाचलेलं सगळं मला अगदी निरुपयोगी वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच गायब झाले. दुपारी आले ते शेळी घेऊन. शेजारच्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्याशी त्यांनी टॉवेलाखाली सौदा केला होता; काय देऊन, ते मला कधीच कळलं नाही. त्याला यांची भाषा येत नव्हती, यांना त्याची, पण दोघांना शेळी कळत होती. "नोटंचं काय बी सांगावं," ते म्हणाले, "शेळी रातीतनं अर्धी व्हत न्हाई." त्या दिवसापासून प्रत्येक जेवणामागे ताटाशेजारी नोटेऐवजी एक पेला दूध, आणि तेही पोटुशीने समोर बसून प्यायचं. शेळीने क्वार्टरमधले साहेबांचे गुलाब खाल्ले, साहेब तक्रार घेऊन आले, आणि दूध घालून केलेला चहा पिऊन गेले. शेळीची किंमत रोज वाढत होती आणि माझ्या पगाराची उतरत होती, हे सासरे न चुकता माझ्या नजरेस आणून देत.

मग मुलगी झाली. बाराव्या दिवशी बायकोने हट्टाने स्वतः त्यांचं पान वाढलं. रीत फिटली होती, आता खुशाल जेवायचं. पण सासऱ्यांचा हात सवयीने पेल्याकडे गेला. पेला नव्हता. ते गोंधळले, घास उचलेनात. तेव्हा बायकोने मुलीला माझ्याकडे दिलं, त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि खाली बोटं धरली. दलालाची लेक ती. टॉवेल हलला, थांबला, पुन्हा हलला. सासऱ्यांनी डोळे मिटून मान डोलावली आणि पोटभर जेवले. पुढे परत जाईपर्यंत त्यांनी त्या घरात दमडी ठेवली नाही. काय ठरलं, म्हणून मी दोघांनाही किती वेळा विचारलं. "सौद्याचा आकडा तिसऱ्याला सांगत नसत्यात, पाहुणं," एवढंच उत्तर.

आता आम्ही पुण्यात असतो. सासऱ्यांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू आणि बोलणं गेलं. इतका बोलका माणूस नुसता बघत बसतो, हे मला बघवत नाही. परवा गावी गेलो होतो. मी जेवायला बसलो होतो; बायकोने त्यांना भरवलं, तोंड पुसलं. मग त्यांनी डाव्या हाताने खांद्यावरचा टॉवेल हळूहळू ओढला आणि तिच्या हातावर टाकला. दोघं किती तरी वेळ तशीच बसून होती आणि टॉवेल हलत होता. मला त्या दोघांचा फार हेवा वाटला. शेवटी ती डोळे पुसत हसली आणि म्हणाली, "न्हाई आबा, एवढ्याला न्हाई परवडत मला." सासऱ्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं आणि टॉवेल पुन्हा हलू लागला. मी विचारलं, "कितीवर आलंय?"

"तुम्ही जेवा," ती म्हणाली.