हत्तीवरचा उमाजीबाबा

भुजंगकाकानं आयुष्यात एकही मेंढी राखली नाही. मेंढरं राखली माझ्या बापानं आणि बानूकाकूनं, म्हणजे भुजंगकाकाच्या बायकोनं. काकानं राखला तो फक्त एक पूर्वज, उमाजीबाबा. बोरीच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलातल्या बाकड्यावर बसून, लोकांच्या चहावर त्यानं हा बाबा असा पोसला, असा पोसला, की शेवटी तो हत्तीशिवाय कुठं मावेना.

मी लहान होते तेव्हा उमाजीबाबानं काठीनं एक लांडगा हाकलला होता, एवढंच. मी शाळेत जाईपर्यंत लांडग्याचा वाघ झाला. मग काठीची तलवार झाली. मग वाघाच्या पंजातून सुटायला एक नवाब आला. मी औरंगाबादेत नाटकाचं शिकून परत आले तेव्हा बाबा नवाबाच्या शेजारी अंबारीत बसलेला होता आणि नवाब त्याला विचारल्याशिवाय पानसुद्धा खात नव्हता.

"नवाबानं फर्मान काढलं," काका बाकड्यावर मांडी बदलत सांगायचा, "ह्या मर्दाची तसबीर माझ्या देवडीच्या छताला काढा. वर! लोकांनी मान वर करून बगितलं पायजे."

"तुमी बगितली का, भुजंगराव?"

"घरच्या माणसाला बगायला कशाला जायचं?"

खरं म्हणजे देवडीला, नवाबाच्या त्या जुन्या वाड्याला, वर्षानुवर्षं कुलूप होतं. आत वटवाघळं होती. काकाजवळ भांडवल म्हणून एकच वाक्य होतं. माझा आजोबा कधीमधी म्हणायचा, "आपला बाबा नवाबाच्या छताला हाय." पुढं काही नाही. एवढ्या वाक्यावर काकानं बिरदेवाच्या जत्रेतला पहिला फेटा मिळवला, लग्नात खुर्ची मिळवली आणि भावकीच्या बैठकीत शेवटचा शब्दही मिळवला. माझा बाप पावसात मेंढरांमागं आणि हा खुर्चीवर. कुणी काही म्हटलं की, "खानदान बग आमचं."

मग यंदा देवडीची डागडुजी झाली, छताची चित्रं धुतली, दार लोकांना उघडलं. आणि नेमकं तेव्हाच काकाच्या पोराचं, आदिनाथचं, पाथरीच्या सृष्टीशी लग्न जमत आलं.

सृष्टीचा बाप सूर्यभान. दोन पिढ्यांपूर्वी मेंढरं सोडलेली, आता खताचं दुकान. बोलणं गोड, नजर तराजूसारखी. सगळं ठरलं, आणि तो म्हणाला, "पाव्हणं, एक हौस हाय. तुमचा बाबा आमाला दाखवा. दिसला की तितंच सुपारी फोडू."

आमच्यात सुपारी फुटली की लग्न पक्कं. मग मागं सरणं नाही. आणि फुटायच्या आत पाव्हणे उठून गेले, तर का गेले हे जत्रेपर्यंत पाच-पन्नास गावांत पोचतं. काकाला नाही म्हणता येईना. त्याचा मान त्या छताला टांगलेला होता आणि ते छत त्यानं बघितलेलं नव्हतं.

तर ठरल्या दिवशी आम्ही एका जीपमध्ये कोंबून निघालो. पुढं ड्रायव्हरजवळ काका आणि सूर्यभान, मध्ये सूर्यभानची म्हातारी आई बायनाबाई, बानूकाकू आणि मी, मागं सुपारी-पेढ्यांच्या पिशवीसोबत आदिनाथ. आदिनाथला फोनशिवाय कशाचीच काळजी नव्हती.

"बाबा कोणत्या बाजूला हायत?" बायनाबाईनं विचारलं.

"मदी," काका म्हणाला. "एकदम मदी."

"हत्तीवरच ना?"

"बगालच की माय." काकानं फेटा सारखा केला. मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये उतरला.

देवडीच्या दाराशी शिट्टी गळ्यात अडकवलेला पहारेकरी उभा होता. त्यानं तोंडपाठ म्हटलं, "हात लावायचा न्हाई, झोपायचं न्हाई, डबा सोडायचा न्हाई."

"मग माणसानं यावं कशाला?" बायनाबाई म्हणाली आणि चपला हातात घेऊन आत शिरली.

दिवाणखान्यात गेलो आणि खरंच सगळ्यांच्या माना मागं पडल्या. सगळं छत म्हणजे एक शिकारीची मिरवणूक. निळ्या आभाळात हिरव्या वेली, द्राक्षांचे घोस, पोपट. मधोमध पांढरा हत्ती, अंबारीत एक गोरापान माणूस, अंगात जरीचा अंगरखा, टोपीत पीस, हातावर ससाणा. पुढं नगारे, मागं घोडेस्वार, कुत्री, पालख्या. रंग असा ताजा की हत्तीच्या डोळ्यात पाणी दिसावं. मला तिथंच पाठीवर पडून बघावंसं वाटलं, पण शिट्टीवाला माझ्याकडंच बघत होता.

"बाप रे बाप!" सूर्यभान म्हणाला. "कोणते ते, पाव्हणं?"

काकानं मान आणखी मागं टाकली. त्याची नजर मिरवणुकीच्या कडेकडेनं सरकत होती, हत्तीवरून घोड्यांवर, घोड्यांवरून कुत्र्यांवर. आणि मग ती थांबली. मी तिच्या मागोमाग गेले.

सगळ्यांत शेवटी, कोपऱ्यात, कुत्र्यांच्याही मागं एक माणूस चालला होता. अनवाणी. डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतलेली, एका हातात काठी. खांद्यावर आडवा टाकलेला मेंढा, पाय बांधलेले. पुढं तीन दगडांची चूल आणि सुरीला धार लावणारा आचारी. मेंढ्याच्या मानेला गेरूचा लाल पट्टा होता आणि पाठीवर तीन बोटं ओढलेली होती.

ती आमच्या घरची खूण. दुसऱ्याच्या कळपात मेंढरू मिसळलं तर ओळखू यावं म्हणून लोकर कातरली की बानूकाकू दरसाल गेरूत बोटं बुडवून ती ओढते. तिच्या आधी तिची सासू ओढायची. शेजारच्या माणसालाही आमचं जनावर त्यावरून कळतं. मला कळलं. आदिनाथनं फोन खाली केला, त्यालाही कळलं.

बानूकाकूचा हात आपोआप पदराकडं गेला. "आवं," ती हळूच म्हणाली, "ह्यो बगा. आपला बाबा."

आजोबा खोटं बोलला नव्हता. बाबा छताला होता. नवाबाच्या जेवणाचं मटण घेऊन.

वाक्य विसरलेल्या नटाचे डोळे मी खूप बघितलेत. तसे काकाचे डोळे एका श्वासापुरते झाले. त्यानं ओळखलं होतं. आमच्या सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं.

"कुटं?" सूर्यभाननं मान वळवली. "त्यो? त्यो मेंढका? त्यो कोण, पाव्हणं?"

"त्यो व्हय?" काका हसला. "आसंल कुनी भटारखान्याचा. नोकरचाकर. मोठ्या लोकांच्या मागं चालतातच आसले."

"आवं!" बानूकाकू म्हणाली.

"तू गप गं! तुला मेंढरापल्याड काय दिसतंय?" आणि काकानं हात उचलून थेट अंबारीकडं बोट केलं. नाटकात अशी एंट्री मिळायला माणसं वर्षं घालवतात. "ते बगा! उमाजीबाबा!"

सगळे हत्तीकडं बघू लागले. बायनाबाईनं डोळ्यांवर हात धरून नीट निरखलं.

"पर भुजंगराव, ह्याच्या तर हातावर ससाणा हाय."

"व्हय."

"धनगराच्या हातावर ससाणा कवापसून बसायलाय?"

"माय!" सूर्यभान पटकन म्हणाला. "खानदानी लोकांचं आसतं तसं."

"आन नवाब कुटंय मग? शेजारी बसलेला म्हनं."

"उतरलाय," काका म्हणाला.

"कशाला?"

"बाबाला जागा द्यायला."

हे ऐकून कुणी हसेल असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. सूर्यभान मान हलवत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की पाथरीत दुकानाच्या गल्ल्यावर बसून हे कसं सांगायचं याची त्यानं आत्ताच जुळवाजुळव सुरू केलीय. "आमची सृष्टी हत्तीवाल्यांच्या घरात दिलीय." त्यालाही एक पूर्वज हवाच होता, आयता आणि धुतलेला. बायनाबाईनं लेकाकडं बघितलं, सगळं समजली आणि तिनंही हात जोडले. "आसंल बाबा. रंग गोराच हाय तुमच्या घरान्यात," ती म्हणाली, काळ्याकुट्ट काकाकडं बघत.

आता काकाला चेव आला. त्यानं खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली. बिरदेवाला आणि बाबाला आम्ही हळदीचा भंडारा उधळतो, पण देवळाच्या माळावर, उघड्यावर. इथं छप्पर होतं. काकानं मूठ भरली, "उमाजीबाबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी ठोकली आणि भंडारा जोर लावून वर फेकला.

तो हत्तीच्या पोटापर्यंतही गेला नाही. अर्ध्यातून फिरला आणि सगळाच्या सगळा काकाच्या वर केलेल्या तोंडावर पडला. डोळ्यांत, मिशांत, उघड्या तोंडात.

शिट्टी वाजली. वाजतच राहिली. "ओ काका! हे काय करायलाव? आत्ता धुतलंय ते छत! अक्कल हाय का न्हाई?"

काका डोळे चोळत होता. पाण्याच्या धारा पिवळ्या होऊन गालांवरून चालल्या होत्या. बोलायला गेला की ठसका.

"बगा," सूर्यभान म्हणाला, "बाबाला बगून रडायलेत. रक्ताचं नातं हाय वो, उगं न्हाई."

त्यानं काकाला मिठी मारली. पहारेकरी सगळ्यांना बाहेर काढू लागला, पण आधी फरशी साफ करा म्हणाला. काकानं डोळे मिटूनच बायकोच्या दिशेनं हात हलवला. "पूस गं ते."

बानूकाकू बसली आणि पदरानं भंडारा गोळा करू लागली. मीही बसले. बाहेर पायरीवर दगडानं सुपारी फोडल्याचा आवाज आला, मग आदिनाथचा फोन वाजल्याचा, मग हसण्याचा.

काकू उठली. कोपऱ्यात जाऊन तिनं वर बघितलं. मला वाटलं आता ही हात जोडेल, भंडारा वाहील. तिनं यातलं काही केलं नाही. तिनं डोक्यावरचा पदर जरा पुढं ओढला, सासऱ्यासमोर ओढतात तसा, आणि म्हणाली, "बाबा, तुमी आपलं मेंढरू घेऊन चला. हितं आपलं कुनी न्हाई."

परतीच्या जीपमध्ये काका सुजल्या डोळ्यांनी पुढं बसला होता. तोंडात पेढा होता. झरी गावाच्या अलीकडं त्याचा घसा मोकळा झाला.

"पाव्हणं, त्यो कोपऱ्यातला मेंढका बगितला न्हवं तुमी?" तो म्हणाला. "मला आत्ता ध्यानात आलं. त्यो आपल्या बाबाचाच नोकर. लय इमानी. बाबा शिकारीला निघाले की मेंढा घेऊन मागं ह्योच."

"नाव काय त्याचं?" सूर्यभाननं विचारलं.

"नोकराचं नाव कोण ध्यानात ठेवतंय?"

माझ्या शेजारी बानूकाकूनं खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि थुंकली. पान-तंबाखू तिनं आयुष्यात कधी खाल्लेलं नाही.