जोडीतला डोळा

दोन हजार एकोणीस साल. तो तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. देवीसाठी चांदीचा डोळा घडवून झाला की आधी स्वतःच्या मिटल्या पापणीवर ठेवायचा आणि मला विचारायचा, "बघतोय का रे?"

"बघतोय," मी म्हणायचो. मगच तो दुसरा करायला घ्यायचा.

नाशिकच्या सराफ बाजारात आमच्या बैठका शेजारी-शेजारी. तो घडवायचा, मी उजळायचो. मी चौथी नापास, पण माझ्यासारखी चांदी उजळणारा आजही कुणी दाखवा तुम्ही मला. त्याचा एक नेम होता, डोळे जोडीनंच करायचे. "एकटा डोळा मिटत नाय. त्याला सोबत लागते." मी हसायचो. असलं मी मानत नाही.

त्या वर्षी त्याची नजर अधू झाली. दुकानाचा शेठ म्हणाला, नाजूक काम होत नसेल तर घरी बसा. घरी बसणं म्हणजे त्याला मरणच. त्याच आठवड्यात गंगापूर रोडचा एक मुलगा आला, लग्न ठरलेला. मोबाइलवर फोटो दाखवला. जुन्या इजिप्तमधला एक डोळा, भुवईसकट, खाली काजळाची रेघ ओघळलेली.

"होणाऱ्या बायकोला लॉकेट करायचंय, बाबा. एकच डोळा."

"हा मूळचा कुणाच्या अंगावरचा?"

"मेलेल्याच्या. सोबत पुरायचे. राखण करतो म्हणे."

पुढच्या फोटोत काजळाची दगडी डबी, आत काडी. तीही थडग्यातली. म्हातारा हसला, "मेल्यावर नट्टापट्टा कुणासाठी रे?"

"वर गेल्यावर नीट दिसायला नको का, बाबा?"

त्याचं हसू तिथंच थांबलं. मी म्हटलं, "नको घेऊस." तो शेठच्या गादीकडे बघत म्हणाला, "घेतो."

डोळा असा उतरला की शेठसुद्धा गादीवरून उठून बघायला आला. पापणीवर ठेवून त्यानं विचारलं, "बघतोय का रे?" मी नजर वळवली. खरंच बघत होता तो डोळा.

मुलगा माल घेऊन गेला, मला लग्नाची पत्रिकाही देऊन गेला. हा लगेच जोडीतला दुसरा करायला बसला, पदरच्या चांदीचा. बाहुली तेवढी राहिली आणि याच्या तोंडावरून वारं गेलं. तोंड वाकडं झालं, डावी पापणी मिटेना. झोपेतही तो डोळा उघडाच. भेटायला गेलो तर म्हणाला, "दुसरा राह्यला रे माझा."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तो गेला. त्याची मुलगी मनमाडहून यायची म्हणून देह ठेवला होता. बायकोनं कितीदा डोळ्यावरून हात फिरवला, पापणी काही बसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. त्याच्या बैठकीवर बसलो, जन्मात पहिल्यांदा. बाहुली ठोकली, उजळली, आणि त्याच्या घरी जाऊन तो डोळा त्या उघड्या डोळ्यावर ठेवला.

"काका, हे काय?" मुलीनं विचारलं.

"जोडीतला आहे. जाऊ दे त्याच्याबरोबर."

मग सवयीनं वाकून मीच विचारलं, "बघतोय का रे?"

त्या वेळी जोडीतला पहिला गंगापूर रोडला नवरीच्या गळ्यात चढत होता.